नाव नाही, वजन आहे

पावसाळा लागला की वसईत होळी बाजारापासून स्टेशनपर्यंत ज्या त्या पॅथॉलॉजी लॅबच्या चिठ्ठीवर एकच नाव दिसतं: एनएस-वन. डेंग्यूचा विषाणू तापाच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात जे प्रथिन सोडतो, त्याचा शोध घेणारी ही चाचणी. पट्टीवर दुसरी रेघ उमटली तर डेंग्यू. नाही उमटली तर माणूस 'निगेटिव्ह'चा कागद घेऊन बाहेर पडतो आणि ताप त्याच्याबरोबर घरी जातो. कागद खोटं बोलत नसतो, विचारलं तेवढंच सांगतो. पट्टीतलं प्रतिपिंड फक्त त्या एका प्रथिनाला धरतं. प्रतिपिंडाला सोन्याचे रंगीत सूक्ष्मकण जोडलेले असतात आणि त्यांचा रंग आपल्याला रेघ म्हणून दिसतो. त्याच थेंबात आणखी काय चाललंय, याबद्दल पट्टीला काही म्हणायचं नसतं.

गेल्या शतकातला जीवरसायनशास्त्राचा 'पाहण्याचा' बहुतेक व्यवहार असाच उधारीवर चालला आहे. जो रेणू पाहायचा त्याला दुसरं काहीतरी दिसणारं, म्हणजे लेबल, बांधायचं आणि ते पाहून रेणू पाहिला म्हणायचं. पर्याय नव्हता हेही खरं. रक्तातलं सगळ्यात मुबलक प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. त्याची लांबी सात-आठ नॅनोमीटर आणि दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी चारशे ते सातशे. त्यात बहुतेक प्रथिनांना दृश्य प्रकाशात रंगच नाही. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांना एका जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते दुसऱ्या सजीवांच्या पेशींत चमकवून दाखवलं आणि मग प्रयोगशाळांमध्ये त्याची लाटच आली. २००८ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. एकट्या रेणूचा प्रकाशीय ठाव डब्ल्यू. ई. मोर्नर यांनी १९८९ मध्ये घेतला, पण त्यासाठी त्यांना द्रवरूप हेलियमच्या थंडीत जावं लागलं. पुढे चमकणाऱ्या रेणूंच्या जोरावर सूक्ष्मदर्शकाची जुनी मर्यादा मोडली गेली आणि २०१४ च्या नोबेलमध्ये मोर्नरही होते. लेबलने आपल्याला काय दिलं याची यादी लांबलचक आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

तक्रार आहे ती किमतीबद्दल. अल्झायमरशी जोडला गेलेला अमायलॉइड-बीटा हा तुकडा घ्या. त्याचं वजन साडेचार किलोडाल्टन आणि जेलीफिशच्या त्या हिरव्या प्रथिनाचं २७. म्हणजे ज्याच्या हालचाली तपासायच्या त्याच्या अंगावर सहापट बोजा द्यायचा आणि मग तो कसा चालतो ते लिहून घ्यायचं. लहान रंगरेणू वापरले तर बोजा हलका होतो, पण ते लवकर थकतात. साधारण लाख ते दहा लाख प्रकाशकण देऊन रंगरेणू विझतो आणि त्यानंतरची गोष्ट अंधारात घडते. शिवाय लेबल प्रत्येक रेणूला वेगळ्या रीतीने बाधतं. एकाची घडी बिघडते, एकाचा चिकटपणा वाढतो, एकाला काहीच होत नाही. कुणाचं काय झालं हे लेबललाच विचारायचं, म्हणजे आरोपीलाच पंच नेमायचं. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. लेबलमुळे होणारी चूक लहान असेलही, पण ती प्रत्येकाला निराळी असल्यामुळे वजा करता येत नाही.

लेबल न लावता पाहायची धडपड आजची नाही आणि तिच्यातलं एक ठळक पान मराठी आहे. १९२५ मध्ये डेव्हिड केलिन यांनी जिवंत किड्यांच्या स्नायूंतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यात काळे पट्टे दिसले आणि ते ऑक्सिजनच्या येण्याजाण्याबरोबर उमटत आणि पुसले जात होते. हे पट्टे सायटोक्रोमचे होते. या प्रथिनात लोह असतं, म्हणून त्याला स्वतःचा रंग असतो. सायटोक्रोम-सीचा ठळक पट्टा ५५० नॅनोमीटरच्या आसपास पडतो. पुढच्या दशकात केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना कमला भागवत यांनी दाखवलं, की हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही आहे. म्हणजे श्वसनाची ही साखळी प्राण्यांपुरती नाही. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. या त्याच कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, अपमानास्पद अटींवर आत गेल्या आणि काम करून दाखवलं. विखुरलेल्या प्रकाशावर नोबेल मिळवणाऱ्या माणसाला समोर बसलेली संशोधक दिसली नाही, हे आपल्या विज्ञानाच्या इतिहासातलं कडू पान आहे. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाईंनी नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे ताडाचा ताजा रस, आपल्या पालघर पट्ट्यात सगळ्यांच्या परिचयाचा. गरीब मुलांच्या पोषणाला तो उपयोगी पडतो हे त्यांनी सिद्ध केलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

सायटोक्रोमचं नशीब असं, की त्याला जन्मजात रंग आहे. तसा नसलेल्यांचं काय? याचं एक उत्तर पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या एका संशोधकाच्या कामात आहे. सुदिप्त मैती यांनी तिथे येण्याआधी, कॉर्नेलमध्ये वॉट वेब यांच्या गटात असताना, १९९७ च्या 'सायन्स'मध्ये जिवंत पेशीतलं सेरोटोनिन लेबलशिवाय पाहिल्याचं दाखवलं होतं. सेरोटोनिन चमकतं, पण त्याला चेतवायला लागतो तो प्रकाश खोल अतिनील असतो आणि पेशी त्याने भाजून निघते. यावरची युक्ती अशी: अवरक्ताचे तीन प्रकाशकण एकाच क्षणी एकाच रेणूवर आदळले, तर तिघांची ऊर्जा मिळून एका अतिनील कणाइतकी होते. तिघांची अशी गाठ फक्त लेसरच्या केंद्रबिंदूतच पडते, त्यामुळे आजूबाजूची पेशी सुरक्षित राहते. रेणूला काहीही न बांधता त्याच्या स्वतःच्या उजेडात त्याला पाहिलं गेलं. तरी अट उरलीच. रेणूला चमकता यायला हवं आणि ज्यांना ते येत नाही ते या दारातूनही बाहेरच राहतात.

रंग नाही, चमक नाही, अशा रेणूजवळ मग उरतं काय? वजन उरतं. पदार्थ आहे म्हणजे तो प्रकाश थोडातरी विखुरणार. अडचण अशी की विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातावर चालते. कण निम्मा झाला की प्रकाश चौसष्टावा हिस्सा उरतो. यातून वाट काढली ती व्यतिकरणाने. कणाचा दुबळा प्रकाश दुसऱ्या जोरकस प्रकाशात मिसळू दिला, की मिश्रणातला फरक सहाव्याऐवजी तिसऱ्या घातावर, म्हणजे थेट आकारमानावर जातो. त्यामुळे कण निम्मा झाला तरी खूण आठवा हिस्सा शिल्लक राहते. वाहिद संदोगदार यांच्या गटाने २०१४ मध्ये या रीतीने लेबल नसलेली एकेकटी प्रथिनं टिपली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या फिलिप कुकुरा यांच्या गटाने तिच्यातून रेणूंचा वजनकाटाच तयार केला. काचेवर प्रथिन येऊन टेकतं तेव्हा पडणाऱ्या अंधुक ठिपक्यावरून त्याचं वजन काढायचं. पण टेकायला हवं. जो रेणू काचेला शिवतच नाही त्याची नोंदच होत नाही.

स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात बार्बोरा श्पाचकोव्हा, क्रिस्टोफ लांगहामर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये जे मांडलं त्याने ही टेकण्याची अट काढून टाकली. त्यांनी काचेत चॅनेल कोरले, काही दहा ते दोनेकशे नॅनोमीटर रुंदी-खोलीचे, आणि रेणू त्यांत मोकळे तरंगू दिले. सुरूच्या बागेच्या किनाऱ्यावर फिरणारी माणसं मोजायला गेलात तर कोण कुठे गेला कळत नाही. तीच माणसं होळी बाजाराच्या गल्लीत आली, की पुढे किंवा मागे एवढ्याच दोन दिशा उरतात. रेणूचं तसंच होतं. अल्ब्युमिन पाण्यात एका मिलिसेकंदात कुठल्याही एका दिशेने सरासरी एक तृतीयांश मायक्रोमीटर सरकतं. मोकळ्या पाण्यात ते क्षणात भिंगाच्या नजरेबाहेर जातं. चॅनेलमध्ये आडवं किंवा खोल जायला जागाच नसल्यामुळे बराच वेळ नजरेत राहतं.

दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. व्यतिकरणासाठी लागणारा जोरकस प्रकाश वेगळा आणावा लागत नाही, चॅनेल तो स्वतःच देतो. काचेत पाण्याची बारीक रेघ असल्यामुळे ती रेघ काळोख्या पार्श्वभूमीवर उजळ दिसते. प्रथिनाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त आणि काचेच्या जवळचा असतो. म्हणून रेणू जिथे आहे तिथला चॅनेल किंचित कमी 'चॅनेल' राहतो आणि किंचित मंद होतो. रिकाम्या चॅनेलचं चित्र वजा केलं की एक काळा ठिपका उरतो, मागे-पुढे करत भटकणारा. प्रत्येक क्षणाची पट्टी एकाखाली एक रचत गेलं, की पडद्यावर वेडीवाकडी काळी रेघ उतरत जाते. रेघ किती गडद त्यावरून रेणूचं वजन आणि किती वळवळते त्यावरून त्याचा पाण्यातला आकार कळतो. हा दुसरा भाग आइन्स्टाइनच्या १९०५ च्या समीकरणातून येतो. वजन तेवढंच पण आकार मोठा निघाला, तर रेणूची घडी उलगडली आहे असं समजायचं. एका मोजणीतून दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही एकट्या रेणूची असतात.

चॅनेल इतका अरुंद कशाला, याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. शंभर नॅनोमीटर रुंद आणि तितक्याच खोल चॅनेलचा ३०० नॅनोमीटरांचा तुकडा घ्या, कारण सूक्ष्मदर्शकाला त्याहून बारीक फारसं वेगळं करता येत नाही. या तुकड्याचं आकारमान ३० लाख घन नॅनोमीटर होतं आणि अल्ब्युमिनचं जेमतेम ८०. म्हणजे हिस्सा ३७ हजारांत एक. खोली ३० नॅनोमीटर केली तर तोच हिस्सा ११ हजारांत एकाच्या आसपास येतो. आणि दहा हजारांत एक इतका फरक ओळखायचा तर किमान दहा कोटी प्रकाशकण मोजावे लागतात, कारण प्रकाशाच्या स्वतःच्या चढउतारात त्याहून लहान फरक बुडून जातो. म्हणून या तंत्राचा जीव भिंगात नाही, कॅमेऱ्यातही नाही, तर त्या कोरलेल्या चरात आहे. नेमकी ही गोष्ट कौतुकाच्या बातम्यांतून निसटते.

आता लेबल गेलं म्हणजे रेणू स्वतंत्र झाला का? तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. साध्या पाण्यात काचेच्या भिंतीवर ऋण भार असतो, प्रथिनं तिला चिकटतात आणि चॅनेल जितका अरुंद तितकी भिंत जवळ. म्हणून भिंतीला लेप द्यावा लागतो. भिंतीजवळ पाण्यातून सरकणंही जड जातं, आणि आइन्स्टाइनचं समीकरण मोकळ्या पाण्यासाठी आहे. पुण्याच्या आयसरमध्ये शिवप्रसाद पाटील हे अतिसूक्ष्म फटीत सापडलेल्या पाण्याचा अभ्यास करतात आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने एकेक प्रथिन ओढून उलगडून पाहतात. काही रेणूथरांइतक्या फटीत पाणी ग्लासातल्या पाण्यासारखं वागत नाही, हे या क्षेत्रातल्या कामातून वारंवार दिसलं आहे. शंभर नॅनोमीटरांच्या चॅनेलमध्ये तो परिणाम भिंतीलगतच्या पातळ पट्ट्यापुरता राहतो, पण हिशेबातून तो वगळता येणार नाही.

तरीही हे तंत्र मला लेबलपेक्षा प्रामाणिक वाटतं. लेबल प्रत्येक रेणूला त्याच्या त्याच्या परीने बिघडवतं. चॅनेलचं बंधन मात्र सगळ्यांवर एकाच नियमाने पडतं. भिंत कुठे आहे, किती दूर आहे, तिच्यामुळे सरकणं किती मंदावतं हे मोजता येतं आणि उत्तरातून वजा करता येतं. अडथळा रेणूच्या अंगावरून काढून जागेत ठेवला, की तो भूमितीचा प्रश्न होतो, आणि भूमितीचे प्रश्न माणसाला सोडवता येतात.

पण एक गोष्ट गमवावी लागते, आणि ती किरकोळ नाही. नाव. अल्ब्युमिनचं वजन साडेसहासष्ट किलोडाल्टन, हिमोग्लोबिनचं साडेचौसष्ट. चॅनेलमधला काळा ठिपका या दोघांत फरक करील असं समजू नये. डेंग्यूचं एनएस-वन रक्तात सहाच्या गटाने फिरतं आणि हा गट सुमारे ३०० किलोडाल्टनचा असतो. म्हणजे तो या तंत्राला आरामात दिसतो. पण रक्तात फायब्रिनोजेन ३४० चं आहे, फेरिटिन साडेचारशेच्या पुढचं. आणि गर्दी तर विचारू नका. न पातळ केलेल्या रक्तद्रवात चॅनेलच्या त्या ३०० नॅनोमीटरांच्या तुकड्यात एकट्या अल्ब्युमिनचे हजारभर रेणू असतील. एका मिलिलिटरात एक मायक्रोग्रॅम एनएस-वन आहे असं धरलं, तरी त्याचा एक गट भेटेपर्यंत अल्ब्युमिनचे पावणेदोन लाखांहून जास्त रेणू डोळ्यांखालून जावे लागतील. तेव्हा 'रक्ताच्या एका थेंबात रोगाचा एकच रेणू शोधणार' असे मथळे वाचले की मला हसू येतं. स्वस्त पट्टीला हटवण्याची या तंत्राची ऐपत नाही आणि तसा दावा ते विकसित करणाऱ्यांनीही केलेला नाही. नाव विचारायला पट्टीच हवी. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेलं विकिरण लेबल न लावता रेणूची रासायनिक ओळख सांगतं खरं, पण विखुरलेल्या साधारण कोटीभर प्रकाशकणांत एखादाच तसा निघतो. एकट्या प्रथिनाच्या बाबतीत ते धातूच्या खास पृष्ठभागाशिवाय जमत नाही.

मग याची जागा कुठे? जिथे गर्दी कमी आहे आणि नाव आधीच ठाऊक आहे तिथे. माझ्या मते पहिली जागा दवाखान्यातली नाही, औषधाच्या कारखान्यातली आहे. प्रतिपिंडाचं औषध म्हणजे बाटलीत एकच प्रथिन, वजन १५० किलोडाल्टन. दोन रेणू चिकटले की ३००, तीन चिकटले की ४५०. असे गठ्ठे शरीरात गेले तर प्रतिकारशक्ती औषधावरच उलटू शकते, म्हणून ते मोजणं गुणवत्ता तपासणीचा भाग असतं. इथे 'हा कोण' हा प्रश्नच उरत नाही, 'एकटा आहे की जोडीने' एवढंच पाहायचं असतं. पुण्यात १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट लसी बनवते. पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. अशा उद्योगाला एकेका कणाचं वजन आणि आकार एकत्र सांगणारं साधन उपयोगी पडणार नाही, असं म्हणणं कठीण आहे. पेशी बाहेर टाकतात त्या सूक्ष्म पिशव्या ही दुसरी जागा. चाल्मर्सच्या गटाने पेशी वाढवलेल्या द्रवातल्या अशा पिशव्या याच चॅनेलमध्ये पाहिल्या आहेत.

आणि आपण काय करावं? तयार पेटी विकत आणणं सगळ्यात सोपं, आपली सवयही तीच. पण पेटीत महत्त्वाचा असतो तो चर. पवईच्या आयआयटीत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. तिथे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाहेरच्या संशोधकांना कोरीवकामाची यंत्रं वापरू देणारी केंद्र सरकारची योजनाही आहे. ट्रान्झिस्टरसाठी उभ्या केलेल्या खोलीत काचेतले चर कोरणं हे परकं काम नाही. कोरायचं कसं यापेक्षा अवघड प्रश्न आहे कोरायला सांगणार कोण, कारण जीवरसायनशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागांत आपल्याकडे फारसं येणं-जाणं नसतं.

यातलं एक काम तर आजही हाती घेण्यासारखं आहे. अमायलॉइड-बीटाचे गठ्ठे लेबल लावून आणि न लावता एकाच चॅनेलमध्ये एकामागून एक सोडायचे, दोघांचं वजन आणि आकार मांडायचा आणि लेबलमुळे किती फरक पडला हे आकड्यात लिहायचं. गेल्या तीन दशकांतले किती निष्कर्ष त्यात टिकतात, हे पाहणं महत्त्वाचं ठरेल. मात्र आजच्या घडीला या तंत्राची पकड काही दहा किलोडाल्टनांपासून सुरू होते. अल्ब्युमिनच्या वजनाला यायला अमायलॉइडचे साधारण पंधरा तुकडे एकत्र यावे लागतात. दोन, चार, सहांचे बारके गठ्ठे अजून लेबलवाल्यांच्याच हातात आहेत, आणि मज्जापेशींचं नुकसान करणारे म्हणून संशोधकांचा सगळ्यात जास्त संशय त्याच बारक्या गठ्ठ्यांवर आहे.